पट्टा कोणता घालावा? : चिखलातून पाण्यात उतरणाऱ्या गाड्यांची हकीकत

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘इतिहासावर काही सांगा’ म्हणून आम्हांला कळविले, तेव्हा त्यांच्या मनात संपांचा आणि कामगार-चळवळीचा इतिहास असणार हे उघड आहे. तो आम्ही दुसऱ्या एखाद्या वर्षी सांगू. आज एका यंत्राच्या एकाच भागाची हकीकत सांगावयाची आहे. बुलडोझरला किंवा रणगाड्याला चाकांच्या जागी जो फिरता पट्टा असतो, ज्याला आपल्याकडे पोकलेन चालविणारी मुले नुसते ‘चेन’ म्हणतात, तो हा भाग. त्यातही जी गाडी जमिनीवर चालते, चिखलातून जाते आणि तशीच पाण्यात शिरून पोहते, तिच्यासाठी पट्टा कोणी निवडला, कशासाठी निवडला, आणि निवडीची किंमत कोणी दिली, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमचे शाळेतले शिक्षण फारसे नाही. यंत्रांतले जे थोडे कळते ते साखर कारखान्यांतल्या फिटरांच्या संगतीने आणि बाकीचे नगरवाचनालयाच्या कृपेने. त्यामुळे पट्टा समजावून सांगताना आम्हांला प्रथम आठवते ती कारखान्यातली गव्हाण. मोळ्या जिच्यात पडतात ती गव्हाण म्हणजे काय? दोन बाजूंना दोन जाड साखळ्या, त्यांवर आडव्या बसविलेल्या लोखंडी पट्ट्या, साखळीच्या सांध्यांत पिना, खाली रोलर, आणि टोकाला दाते असलेले चाक, जे सगळ्याला ओढते. ही गव्हाण उलटी करून गाडीच्या पोटाखाली घाला, झाला पट्टा. गव्हाणीत साखळी फिरते आणि ऊस पुढे जातो. येथे साखळी जमिनीवर पडून राहते आणि गाडीच पुढे जाते. गाडी आपला रस्ता आपणच अंथरते आणि मागून गुंडाळून घेते. ज्यांनी हंगामात पिना झिजून साखळी ‘वाढलेली’ पाहिली आहे, एक पिन तुटून सगळी गव्हाण थांबलेली पाहिली आहे, त्यांना पुढची सगळी हकीकत चटकन कळेल.

आता पट्टा हवाच कशाला? वजन तेच असले तरी ते जेवढ्या अधिक जागेवर पसरेल तेवढी माती कमी दबते. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडीचे चाक आसापर्यंत जाते आणि त्याच रानातून अनवाणी पोर पळत जाते. भातखाचरात चिखलणीला ट्रॅक्टर घालतात तेव्हा त्याला लोखंडी केजव्हील लावतात, तेही याच विचाराने. परंतु चाक कितीही रुंद केले तरी ते जमिनीला टेकते थोडक्या जागेवरच. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात स्टॉक्टन शहराजवळ नद्यांच्या मुखाशी कुजट, भुसभुशीत जमीन आहे. तेथे घोडेही रुतत. बेंजामिन होल्ट नावाच्या कारखानदाराने तेथल्या शेतीसाठी वाफेची ओढयंत्रे केली आणि ती रुतू नयेत म्हणून चाके वाढवीत नेली, इतकी की एका यंत्राची चाकांसकट रुंदी ४६ फूट झाली. असले यंत्र बांधावरून वळवायचे कसे, हा विचार आपण करावा. शेवटी १९०४ सालच्या २४ नोव्हेंबरला त्याने एका यंत्राची मागली चाके काढून टाकली, आणि साखळ्यांवर लाकडी फळ्या ठोकून केलेले, सुमारे नऊ फूट लांब आणि दोन फूट रुंद असे पट्टे घातले. यंत्र चिखलावरून चालले. पाहणाऱ्या एका छायाचित्रकाराला ते सुरवंटासारखे दिसले आणि इंग्रजीतले सुरवंटाचे नाव पुढे त्या कंपनीच्या पाटीवर चढले. आमच्या दृष्टीने यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच: पट्टा जन्मला तो नांगरटीसाठी.

होल्ट हा एकटाच नव्हता. मेन प्रांतात अल्विन लोम्बार्डने १९०१ साली बर्फावरून ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले होते, आणि इंग्लंडात ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीतल्या डेव्हिड रॉबर्ट्सने स्वतंत्रपणे पट्टा तयार केला होता. इंग्रज लष्कराने तो पाहिला, वाखाणला आणि बाजूस ठेवला. हॉर्न्सबीने १९१४ साली आपले हक्क होल्टला विकून टाकले, आणि त्याच साली महायुद्ध सुरू झाले. सरकारी कचेऱ्यांची ही चाल आम्हांला नवी नाही.

मग १९१५ साली लिंकन गावच्या फॉस्टर कंपनीत ट्रिटन आणि विल्सन या दोघांनी खंदक ओलांडणारी गाडी करावयास घेतली, तेव्हा पट्टे अमेरिकेतून मागवावे लागले. ते शिकागोचे पट्टे शेतातल्या ट्रॅक्टरला ठीक होते. सप्टेंबरात गाडी चालवून पाहिली, आणि खंदकावर गेल्यावर पट्टा खाली लोंबून चाकांवरून निसटू लागला. ट्रिटनने मग बॅलाटाचा पट्टा करून पाहिला. येथे आम्हांला जरा थांबावेसे वाटते, कारण बॅलाटा हा शब्द आपल्याकडच्या जुन्या गिरणीकामगाराला सहज कळेल. कापडावर एका झाडाचा चीक चढवून केलेला तो यंत्रे फिरविण्याचा पट्टा. शाफ्टवरून मागाला गती देणारा. हलका, गंज नाही, आवाज नाही. गाडीखाली तो टिकला नाही. चाचणीच्या बाकावरच त्याचा निकाल लागला. ट्रिटनने लागलीच दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचा पट्टा केला, आणि २२ सप्टेंबरला लंडनला जी तार गेली तीत एक मूल गेल्याचे आणि दुसरे सुखरूप जन्मल्याचे वर्तमान आई-बापांच्या थाटात कळविले होते. पुढल्या वर्षी १५ सप्टेंबरला फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर त्याच पट्ट्यांवर पहिले रणगाडे चालले. पोलाद आणि रबर यांचा हा तंटा मात्र तेथे मिटला नाही, तो अजून चालू आहे. झारच्या मोटारखान्यात काम केलेल्या केग्रेस नावाच्या फ्रेंच कारागिराने रबरी पट्ट्याच्या मोटारी केल्या; सित्रोएन कंपनीच्या त्या गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा ओलांडला, आणि १९३१ साली त्यांपैकी दोन श्रीनगरहून निघून हिमालयाच्या घाटांतून गिलगिटकडे गेल्या.

आता पाण्याकडे वळू. १९२८ सालच्या १६ सप्टेंबरच्या रात्री फ्लॉरिडा प्रांतावर मोठे चक्रीवादळ आले. ओकीचोबी नावाचे एक विस्तीर्ण, उथळ सरोवर तेथे आहे. वाऱ्याने त्याचे पाणी दक्षिणेच्या मातीच्या बांधावर लोटले, बांध फुटला आणि काठची सपाट शेती पाण्याखाली गेली. किमान अडीच हजार माणसे मेली. त्यांतली बहुतेक कोण होती? भाजीपाल्याच्या आणि उसाच्या रानात हंगामापुरते कामाला आलेले काळे मजूर. आपल्या भागातल्या ऊसतोडणी टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगावयास नको. गोऱ्यांच्या प्रेतांना पेट्या मिळाल्या. वेस्ट पाम बीच शहरात ६७४ काळ्यांना एकाच खड्ड्यात पुरले आणि त्यावर वर्षानुवर्षे साधी पाटीदेखील नव्हती. त्या दलदलीत मदत पोचविणे महाकठीण होते. मोटार चिखलात अडे, आणि होडी जेथे पाणी संपून गवत आणि गाळ सुरू होई तेथे अडे.

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल ज्या रोबलिंग घराण्याने बांधला त्यातला डोनाल्ड रोबलिंग फ्लॉरिडात क्लिअरवॉटर येथे राहत होता. घरचा पैसा मुबलक. वादळात सापडलेल्यांना काढता येईल असे वाहन कर, असे त्याच्या वडिलांनी सुचविले, आणि १९३३ साली त्याने आपल्याच आवारातल्या कार्यशाळेत थोडे कारागीर घेऊन काम सुरू केले. श्रीमंताच्या पोराचा नाद म्हणून कोणी नाक मुरडील. आमचे मत निराळे आहे. ज्याचा नाद पुरात बुडणाऱ्यांसाठी होता त्याला आम्ही तरी हसणार नाही. १९३५ साली गाडी तयार झाली. ॲल्युमिनियमचे पोट, दोन बाजूंना पट्टे, आणि नाव ‘अ‍ॅलिगेटर’, म्हणजे आपण मगरगाडी म्हणू. निराळा पंखा तिला नव्हता. जमिनीवर जो पट्टा चाले तोच पाण्यात वल्हे म्हणून चालवावयाचा. जमिनीवर ती ताशी २५ मैल धावली. पाण्यात? ताशी २.३ मैल. एवढ्या वेगाने पुराच्या धारेत माणूस काढणे दूरच, गाडी जागच्या जागी राहिली तरी नशीब.

येथे पट्टा निवडण्याची खरी मेख आहे. चिखलाला हवा तो पट्टा रुंद आणि हलका. पक्क्या जमिनीला हवा तो गुळगुळीत, नाहीतर दात जमिनीवर आपटून गाडीतल्या माणसांची हाडे खिळखिळी होतात आणि दातही मोडतात. पाण्याला हव्यात उंच, खोलगट पाती, ज्या पाणी कवेत घेऊन मागे ढकलतील. शिवाय पाण्यात आणखी एक घोटाळा. पट्ट्याची खालची बाजू पाणी मागे लोटते, पण तोच पट्टा वरून परत येताना पाणी पुढे लोटतो; सगळा पट्टा बुडाला तर एका हाताने दिलेले दुसरा हात काढून घेतो. म्हणून वरची बाजू पाण्याबाहेर हवी, नाहीतर तिच्यावर झाकण तरी हवे. म्हणजे गाडी हलकी पाहिजे, कारण जड गाडी खोल बसते. एका गरजेचे भागवावे तर दुसरी बोंब मारते.

रोबलिंगने पट्टे पुन्हा पुन्हा बदलले. सरळ आडव्या पात्यांऐवजी त्याने वाकदार पाती तिरपी बसविली. गाडीचे वजन १४,३५० पौंडांवरून ८,७०० पौंडांवर आणले. आणि सर्वांत चतुर गोष्ट म्हणजे गाडीखालची ओझे पेलणारी छोटी चाके काढूनच टाकली. साखळीच्या आतच रोलर बसविले आणि साखळी पोलादी नाळीतून धावू लागली. १९३७ साली त्याची गाडी पाण्यात ताशी ८.६ मैल गेली. जवळजवळ चौपट! त्या साली ‘लाइफ’ साप्ताहिकात तिची चित्रे आली, ती आरमाराच्या एका अधिकाऱ्याने पाहिली, आणि तेथून मगरगाडीचा रस्ता बदलला. पुरासाठी जी केली ती अमेरिकेच्या मरीन सैन्याला बेटांवर उतरण्यासाठी हवीशी झाली. १९४० साली आरमाराचे कंत्राट आले, आणि ॲल्युमिनियम जाऊन पोलाद आले. जवळच डनेडिन गावी फळबागांचे फवारणी-पंप आणि फळे डबाबंद करण्याची यंत्रे करणारी फूड मशिनरी कॉर्पोरेशन होती. संत्र्यांची यंत्रे करणाऱ्या कामगारांच्या हातून जुलै १९४१ मध्ये पहिली लष्करी मगरगाडी बाहेर पडली. त्या पहिल्या जातीच्या १,२२५ गाड्या झाल्या. सगळ्या जाती मिळून युद्ध संपेपर्यंत १८ हजारांवर.

लष्कराच्या हातात पट्ट्याचा दोष उघडा पडला. साखळीतले ते रोलर क्लिअरवॉटरच्या कार्यशाळेत, रोज पुसून तेल घालणाऱ्या माणसांच्या हाती, उत्तम चालत. समुद्राचे खारे पाणी आणि प्रवाळाची वाळू आत गेली की ते धरू लागत, झिजत, आणि पट्टा तुटे. आमचे फिटरमित्र सांगतात की उसाचा रस लागलेली साखळी एका हंगामात म्हातारी होते, तीच गत. यंत्र करणाराने आपल्या हाताखाली यंत्र कसे चालते हे पाहून भागत नाही, ते पुढे कोणाच्या हाती, कोणत्या घाणीत, किती झोप झालेल्या माणसाकडून चालविले जाणार हे पाहावे लागते. हे आम्ही मालकांपुढे बसून अनेकदा बोललो आहोत.

१९४३ सालच्या २० नोव्हेंबरला पॅसिफिक महासागरातल्या तारावा प्रवाळबेटांपैकी बेटिओ या चिमुकल्या बेटावर अमेरिकनांनी हल्ला केला. बेटाभोवती प्रवाळाचा खडक, पाण्याखाली शेकडो वार पसरलेला. साध्या उतरण-होड्यांना साडेतीन-चार फूट पाणी लागे. त्या बेटांवर वर्षानुवर्षे राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंडने त्या दिवशी खडकावर तीन फूटही पाणी नसेल असे बजावले होते. तसेच झाले. होड्या खडकावर अडल्या, आणि त्यांतले सैनिक खांद्यावर बंदुका घेऊन पाच-सातशे वार पाण्यातून, गोळीबाराच्या तोंडावर चालत निघाले. मगरगाड्या मात्र पट्ट्यांवर खडक चढून किनाऱ्याला लागल्या. पण त्या होत्या किती? १२५. त्यांतल्या ७५ पहिल्या जातीच्या, पूर्वी सामान वाहून झिजलेल्या. ५० नव्या जातीच्या, त्याही सेनापती हॉलंड स्मिथ यांनी गाड्यांवाचून मोहीम नाही असा हट्ट धरला म्हणून आलेल्या. तीन दिवसांत ९० गाड्या निकामी झाल्या, काही गोळ्यांनी, काही यंत्र बिघडून. हजाराच्या आसपास अमेरिकन मेले. जपानी बाजूला ४,८०० च्या सुमारास माणसे होती. त्यांत हजारांवर कोरियन मजूर, तटबंदी बांधण्यासाठी आणलेले. शेवटी जिवंत हाती लागले ते जपानी सैनिक १७ आणि कोरियन मजूर १२९. लढाईच्या पुस्तकांत या मजुरांना एक ओळ मिळते. ती बंकरे त्यांनी बांधली, लढाई त्यांची नव्हती, आणि ते मेले.

ज्या नव्या पन्नास गाड्यांचा उल्लेख केला त्यांचा पट्टा वेगळा होता. साखळीतले रोलर गेले; गाडीखाली पुन्हा चाके आली, त्यांना रबराच्या पिळाची लवचीक बैठक मिळाली. पाती ॲल्युमिनियमची, इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षराच्या आकाराची, आणि मुख्य म्हणजे बोल्टने बसविलेली. झिजले पाते काढा, दुसरे लावा. पाना हवा आणि शिपाई हवा. पाण्यातला वेग रोबलिंगच्या उत्तम गाडीपेक्षा किंचित कमीच, ताशी साडेसात मैल. आमच्या मते हीच निवड खरी शहाणी. मैलभर वेग गेला, पण दुरुस्ती साध्या माणसाच्या हातात आली.

दुसऱ्या टोकाची निवड ‘वीझल’ गाडीची. जेफ्री पाइक नावाच्या विक्षिप्त इंग्रजाच्या डोक्यात नॉर्वेच्या बर्फावर चालणारी गाडी आली, आणि अमेरिकेत स्टुडबेकर कंपनीने ती १९४२ पासून केली. पट्टे वीस इंच रुंद आणि गाडी इतकी हलकी की जमिनीवर दर चौरस इंचास दोन पौंडांहूनही कमी भार. माणसाच्या टाचेखाली याच्या कित्येक पट पडतो. तिची एक जात पाण्यातही पट्ट्यांनीच चाले, पण हळू, आणि शांत पाण्यापुरतीच. युद्धानंतर ध्रुवप्रदेशांतल्या मोहिमांनी या गाड्या हौसेने वापरल्या.

पुढे मोठ्या लष्करी गाड्यांनी पट्ट्यावरचे अर्धे काम काढून घेतले. अमेरिकन मरीन सैन्याची १९७२ साली आलेली गाडी पाण्यात मुख्यतः पाण्याच्या फवाऱ्याच्या जोरावर चाले, पट्टा जमिनीपुरता. रशियन पीटी-७६ रणगाड्यातही फवाराच आहे. आपल्या सैन्याने १९७१ साली गरीबपूरच्या लढाईत ते वापरले. उलट आपल्याकडे मेदकच्या कारखान्यात होणारी बीएमपी-२ ही गाडी पाण्यात पट्ट्यांनीच ताशी सात किलोमीटरच्या आसपास जाते. स्वीडनची दोन डब्यांची बीव्ही २०६, जी १९८० च्या सुमारास आली, तिने केग्रेसचीच वाट धरली: ६२ सेंटिमीटर रुंद, अखंड रबरी पट्टे. कॅनडात १९६७ पासून होणारी छोटी आर्गो गाडी तर गिऱ्हाइकालाच विचारते की पट्टा हवा की नको. चाकांवरून तो चढविता येतो. चढविला तर चिखलात आणि बर्फात गाडी तरते, पाण्यातही जरा ओढ मिळते. पण वजन वाढून ती खोल बसते, आणि खडीच्या रस्त्यावर पट्टाही झिजतो व आतली साखळीही.

हे सगळे आम्ही का वाचीत बसलो, असे कोणी विचारील. २०१९ सालच्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरकडची गावे वेढली, आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे माणसे बाहेर काढणारी बोट उलटून माणसे बुडाली. त्या पुरात कामगारांच्या वस्त्यांतून आम्ही हिंडलो. पाणी खोल तेथे बोट चाले. पण वस्तीच्या कडेला, उसाच्या फडात, कमरेएवढ्या पाण्यात आणि गुडघाभर गाळात तिचा पंखा पाचटात गुंतून बसे, आणि ट्रॅक्टर त्याच्या अलीकडेच रुतलेला असे. ओकीचोबीच्या काठचीच ही अडचण, नव्वद वर्षांनंतरची.

तेव्हा कोणी संस्था किंवा पंचायत अशी गाडी घेऊ म्हणेल तर पट्टा पाहताना आमच्या फिटरांनी काढलेले प्रश्न सांगून ठेवतो. वरची बाजू, पाच माणसे बसल्यावर, पाण्याबाहेर राहते का? पाचट दात्याच्या चाकात गुंतले तर ते हाताने काढता येईल एवढी फट आहे का? अखंड रबरी पट्टा हलका, बिनआवाजी आणि गंजमुक्त खरा. पण तो फाटला तर गावात त्याला जोड नाही, नवाच मागवावा लागतो, आणि पूर काही तो येईपर्यंत थांबत नाही. साखळीचा पट्टा जड, खडखड करणारा. त्याची पिन मात्र तालुक्याच्या कोणत्याही लेथवर अर्ध्या तासात होते. डांबरी रस्त्यावरून रोज धावायचे असेल तर रबर घ्यावे. वर्षातले अकरा महिने छपरात उभे राहून बाराव्या महिन्यात गाळात उतरायचे असेल, तर आमचे फिटर साखळीच्या बाजूने आहेत, आणि सुट्या पिना, बोल्ट व पात्यांची एक पेटी गाडीतच ठेवावी असे ते म्हणतात.